चूक कबूल न करणाऱ्या भावाला क्षमा करता येते का?

माहेरवाशीण

माझे वय ५८ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन मला काही महिने झाले आहेत. सातारा जिल्ह्यात आमची पाच एकर वडिलोपार्जित जमीन होती. वडील गेल्यानंतर वर्षाच्या आत दादाने मला तालुक्याच्या गावी बोलावून घेतले, सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझे नाव चढवायचे आहे असे सांगितले आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात माझी सही व अंगठा घेतला. या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. त्यानंतर तीन वर्षांनी रस्त्यालगतचा दीड एकराचा तुकडा विकला गेल्याचे चुलत बहिणीच्या बोलण्यातून कळले, तेव्हा मी तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल काढली आणि आपण सही केलेला कागद हक्कसोडपत्राचा होता हे मला समजले. दादाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला की, बहिणींनी माहेरच्या जमिनीत वाटा मागायची आपल्या घरात रीत नाही. त्या दिवाळीपासून आमची भाऊबीज बंद आहे.

जमिनीची मला गरज नव्हती आणि आजही नाही. निवृत्तिवेतनात माझे भागते. माझी तक्रार वेगळी आहे. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला मला जाग येते आणि मनातल्या मनात दादाशी भांडण सुरू होते. त्या भांडणात मी नेहमी जिंकते, परंतु सकाळी उठल्यावर डोके जड असते आणि दिवसभर कुणाशी बोलावेसे वाटत नाही. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. एका ध्यानशिबिरात मला सांगण्यात आले की, मनापासून क्षमा करा, सारे हलके होईल. तिथे सांगितल्याप्रमाणे मी सगळी हकीकत कागदावर लिहिली, 'मी तुला क्षमा केली' असे खाली लिहून तो कागद जाळला. चार दिवस खरोखर शांत झोप लागली. पाचव्या दिवशी शेजारच्या घरी बहीण-भाऊ ओवाळणीसाठी जमलेले पाहिले आणि सगळे पूर्वीसारखेच वर आले. आपली क्षमा खोटी होती, असे वाटून मला उलट अपराधी वाटू लागले.

आता भाचीचा साखरपुडा ठरला आहे. दादाची बायपास शस्त्रक्रिया झाल्याला सहा महिने होत आले असून त्याने वहिनीकरवी 'झाले गेले विसरून ये' असा निरोप धाडला आहे. त्या निरोपात चुकीचा उल्लेख कुठेही नाही. ज्याला आपण काही चूक केली असे वाटतच नाही, त्याला क्षमा करणे म्हणजे नेमके काय करणे? आणि ती केली, तर पुन्हा त्या घरी जाणे-येणे, ओवाळणे, हसून बोलणे हे सारे त्यात आपोआप येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मनमोकळा

ताई, आपण ज्या चार दिवसांच्या शांततेचा उल्लेख केला आहे, तिथूनच सुरुवात करतो. मी पुण्यात समुपदेशनाचे काम करतो आणि हे चार दिवस अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. आपली क्षमा खोटी नव्हती. ती अर्धी होती, एवढेच. या विषयावर अनेक दशके संशोधन केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन क्षमेचे दोन भाग मानतात. एक निर्णयाची क्षमा, म्हणजे मी याचा सूड घेणार नाही आणि याच्याशी माणूस म्हणून नीट वागेन असे ठरवणे. दुसरी भावनेची क्षमा, म्हणजे राग, कडवटपणा आणि भीती यांची जागा हळूहळू दुसऱ्या भावनांनी घेणे. निर्णय एका संध्याकाळी होऊ शकतो, भावना मात्र स्वतःच्या गतीने मागून येते आणि पुष्कळदा वाटेत बसून राहते. कागद जाळला तेव्हा आपण निर्णय घेतला होता.

वर्दिंग्टन यांच्या बाबतीत हे केवळ प्रयोगशाळेतले ज्ञान नव्हते. ते या विषयावर आधीपासून काम करत असतानाच १९९६ च्या नववर्षाच्या सुमाराला त्यांच्या आईच्या घरात चोर शिरला आणि त्याने आईची हत्या केली. इतरांना जे शिकवत होतो ते स्वतःला जमते का, याची परीक्षा त्यांना द्यावी लागली. त्यांनी मांडलेल्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: जे घडले ते न वाढवता आणि न लपवता आठवणे, समोरच्याच्या जागी थोडा वेळ उभे राहून पाहणे, आपल्यालाही कधी कुणीतरी क्षमा केली होती हे आठवून क्षमा भेट म्हणून देणे, तो निश्चय कुठेतरी नोंदवणे, आणि जुनी जखम पुन्हा ठसठसू लागली की तो निश्चय धरून ठेवणे. आपल्यासाठी यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. भाऊबीज पाहून दुःख वर येणे ही आठवण आहे, आणि आठवण आली म्हणून दिलेली क्षमा रद्द होत नाही.

दुसऱ्या पायरीविषयी गैरसमज फार असतात, म्हणून थोडे अधिक लिहितो. भावाच्या जागी उभे राहणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे. त्याने कुठल्या भीतीपोटी, कुठल्या कर्जापोटी किंवा गावातल्या कुणाच्या बोलण्यावरून हे केले असेल, याचा विचार करणे एवढाच त्याचा अर्थ आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट हेही स्पष्ट सांगतात की, क्षमा करणे म्हणजे कृत्य योग्य ठरवणे नव्हे, ते विसरणे नव्हे आणि संबंध पुन्हा जोडणेही नव्हे. संबंध जोडायला दोन माणसे लागतात, क्षमेला एक पुरते. त्यामुळे भावाने चूक कबूल केली नाही तरी आपल्या बाजूची क्षमा अडत नाही. अडते ती दिलजमाई.

पहाटेच्या भांडणाचा शरीरावर होणारा परिणाम कल्पनेतला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७१ जणांना, आपल्याला दुखावणाऱ्या व्यक्तीविषयी कधी मनात अढी धरून, तर कधी क्षमेच्या भावनेने विचार करायला सांगण्यात आले होते. अढी धरली असताना हृदयाचे ठोके आणि रक्तदाब अधिक वाढत होता, कपाळाचे स्नायू ताणले जात होते. अर्थात, त्यावरून क्षमा केली की रक्तदाबाची गोळी बंद होईल, असे कुणी सांगू लागले तर कृपया ऐकू नका. अलीकडे २०२४ मध्ये कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन अशा पाच ठिकाणच्या ४,५९८ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर सांगितलेल्या पायऱ्यांची स्वाध्यायपुस्तिका घरी बसून भरून काढणाऱ्यांमध्ये मनातली अढी, चिंता आणि नैराश्याची लक्षणे दोन आठवड्यांनी कमी झालेली दिसली. परिणाम चमत्कारासारखा नव्हता, पण होता.

एक प्रश्न विचारून थांबतो. उत्तर इथे दिले नाही तरी चालेल. पहाटेच्या त्या भांडणात समोर फक्त दादाच असतो का?

सडेतोड

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला त्यातली एक गोष्ट खटकली. क्षमेचा उपदेश आपल्याकडे नेहमी ज्याचे गेले त्यालाच का केला जातो? ज्याने घेतले, त्याला कुणी ध्यानशिबिराला पाठवत नाही. २००५ च्या सप्टेंबरात हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. त्यानंतर हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई किती घरांत झाली, हे मी माझ्याच नात्यात पाहिले आहे. बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. त्या सहीच्या बदल्यात तिला दिवाळीला एक साडी मिळते. तिने तोंड उघडले तर ती लोभी, आणि गप्प राहिली तर ती समंजस व क्षमाशील.

क्षमा सर्वांनाच सुख देते असेही नाही. जेम्स मॅकनल्टी यांनी अमेरिकेतल्या नवविवाहित जोडप्यांचा लग्नानंतरची चार वर्षे अभ्यास करून २०११ मध्ये लिहिले आहे की, ज्यांचा स्वभाव चटकन क्षमा करण्याचा होता त्यांच्या जोडीदारांची मानसिक आणि शारीरिक आक्रमकता तशीच चालू राहिली, तर जे सहजासहजी क्षमा करत नव्हते त्यांच्या जोडीदारांची ती कमी होत गेली. राग हा काही वेळा कुंपणाचे काम करतो. माहेरवाशीणताई, आपल्या दादांचा निरोप 'माझे चुकले' असा नसून 'विसरून ये' असा आहे. मंडपात बहीण दिसली नाही तर पाहुणे विचारतील, ही चिंता त्यात मला अधिक दिसते. मी आपल्या जागी असते तर गेले नसते, आणि त्याबद्दल अपराधीही वाटून घेतले नसते.

मनमोकळा

सडेतोड यांचा आक्षेप मला मान्य आहे. मॅकनल्टी यांचा अभ्यास चालू असलेल्या संबंधांविषयी, म्हणजे जिथे अपराध पुन्हा पुन्हा घडू शकतो तिथल्या क्षमेविषयी आहे, हे मात्र लक्षात घ्यावे. जिथे मार खाल्ला जात आहे तिथे आधी सुरक्षित अंतर हवे. मी तिथे क्षमेचा विषयही काढत नाही. क्षमा ही मागून मिळत नाही आणि ती दुसऱ्याने लादायचीही नसते. ताईंनी ती नाकारली तरी त्यांचा माणूस म्हणून काही कमीपणा नाही.

वारणाकाठ

मी शेतकरी माणूस असून आम्ही सांगली भागातले मराठी दिगंबर जैन आहोत. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून आमचे दशलक्षण पर्व सुरू होते आणि त्यातला पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा असतो. दहा दिवसांचे पर्व संपले की क्षमावाणी येते; त्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांबद्दल एकमेकांकडे क्षमा मागायची असते. श्वेतांबर मंडळी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, ते पुष्कळांनी ऐकले असेल. खरे सांगायचे तर आता हा संदेश मोबाईलवरून दोनशे जणांना एकदम जातो, आणि ज्याच्याशी खरोखर वैर आहे तो एकटाच त्यातून वगळलेला असतो. मीही कितीतरी वर्षे तेच करत होतो.

माझे वैर चुलतभावाशी होते. त्याने बांध कोरून माझ्या उसाच्या दोन सऱ्या आत घेतल्या, म्हणून मी त्याच्याकडे जाणारे पाटाचे पाणी अडवले. नऊ वर्षे आम्ही एकमेकांच्या मयतीलाही लांब उभे राहत होतो. एका क्षमावाणीला मंदिरातून परतताना मनात आले की, दोन सऱ्यांचा हिशेब मला तोंडपाठ आहे, पण ज्या उन्हाळ्यात मी पाणी अडवले त्या उन्हाळ्यात त्याचा किती ऊस वाळला हे मी कधी मोजलेच नाही. तसाच त्याच्या दारात गेलो आणि पाण्याबद्दल क्षमा मागितली. सऱ्यांचा विषय काढला नाही. तो काहीच बोलला नाही. त्याच्या बायकोने चहा आणला, तो आम्ही प्यालो आणि मी घरी आलो. त्या रात्री काही विशेष हलके वाटले नाही. फरक पडला तो दोन-तीन महिन्यांनी, शेतावर जाताना त्याचे खोपट टाळून लांबच्या वाटेने जायची सवय सुटली आहे, हे एके दिवशी माझ्या ध्यानात आले तेव्हा. पुढे आम्ही दोघांनी मिळून सरकारी मोजणी आणली, हद्दीच्या खुणा रोवल्या, आणि त्यात सव्वा सरी माझ्याकडे परत आली. क्षमा मागितली म्हणून मी मोजणी सोडली नाही आणि मोजणी आणली म्हणून क्षमा खोटी ठरली नाही.

ताई, माझी गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण माझा स्वतःचा अपराध होता आणि आपल्या हकिकतीत आपला अपराध मला दिसत नाही. मागण्यासारखे काही असले की पहिले पाऊल सोपे जाते. आपल्याला ते नुसते देण्याचे आले आहे, आणि ते अधिक जड आहे.

निवृत्त वकील

चौतीस वर्षे दिवाणी न्यायालयांत वकिली केल्यामुळे माझे मत थोडे कोरडे वाटेल, त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो. क्षमा आणि हक्क यांची सरमिसळ करू नये. आपल्या देशातले एक उदाहरण पुरेसे आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि पुढे काही वर्षे बारिपद्याच्या त्याच कुष्ठसेवेच्या कामात त्या राहिल्या. परंतु खटला त्याच्या वाटेने चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांच्या मनातली क्षमा न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नव्हती आणि निकालही त्यांच्या क्षमेवर अवलंबून नव्हता.

माहेरवाशीणताईंच्या प्रकरणाविषयी इथे ठाम मत देणे योग्य होणार नाही, तरी एवढे सांगतो. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून मागण्याची मुदत ती फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांची असते. आपल्याला हे कळून आठ वर्षे झाली, त्यामुळे ती वाट बहुधा बंद झाली आहे. मात्र कागदातला मजकूर चुकीचा सांगणे आणि कागद मुळात कसला आहे हेच खोटे सांगणे, यांत कायदा फरक करतो. दुसऱ्या प्रकारातला दस्त मुळातच निरर्थक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मधील एका निकालात म्हटलेले आहे. आपली हकीकत त्या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जाणारी वाटते. ते सिद्ध करणे सोपे नाही, आणि दस्तात नेमके काय लिहिले आहे हे पाहिल्याशिवाय कोणीही वकील आपल्याला पुढचे सांगू शकणार नाही. आपण फेरफार पाहिला असे लिहिले आहे. मूळ दस्त वाचला आहे का?

दावा करावाच, असे माझे म्हणणे नाही. न्यायालयाच्या आवारात मी अशी भावंडे पाहिली आहेत की, तडजोडीचा हुकूमनामा हातात पडल्यावरही ती एकमेकांकडे न पाहता जिना उतरली. आणि अशीही पाहिली की, आत साक्ष चालू असताना एकमेकांविरुद्ध बोलत होती आणि मधल्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर एकाच डब्यातले खात होती. शांतता कुठून येते, ते मला आजवर कळलेले नाही. पण मुदत संपली म्हणून गप्प बसणे आणि क्षमा करून गप्प बसणे या दोन गोष्टी आपण स्वतःपुरत्या तरी वेगळ्या ठेवाव्यात, असे वाटते.

माहेरवाशीण

सर्वांचे आभार. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण दोन प्रश्नांपाशी मी अडकले होते.

पहिला प्रश्न, भांडणात समोर फक्त दादाच असतो का. मी परवा पहाटे मुद्दाम लक्ष देऊन पाहिले. सुरुवातीला दादा असतो. नंतर मात्र तिथे मीच असते, ४७ वर्षांची, खांद्याला पर्स लावून खिडकीसमोर उभी, आणि मी तिला विचारत असते की, बाई, तू वाचले का नाहीस? छत्तीस वर्षे मी मुलांना वाचायला शिकवले. प्रश्नपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय पेन हातात घ्यायचे नाही, हे माझ्या वर्गाचे पाठ वाक्य होते. आणि मी मोजून आठ पानांच्या कागदावर, दादाने बोट ठेवले तिथे तिथे, एक ओळही न वाचता सह्या केल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, माझ्या यजमानांनाही नाही. त्यांनी विचारले तेव्हा कागद इंग्रजीत होता असे मी खोटे सांगितले. तो मराठीत होता.

मनमोकळा यांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्या गृहस्थांना आईच्या मारेकऱ्याला क्षमा करणे जमले असेल. त्यांना कधी स्वतःला क्षमा करावी लागली होती का, हे जाणून घ्यायला आवडेल.

मनमोकळा

लागली होती. काही वर्षांनी, २००५ मध्ये, त्यांच्या धाकट्या भावाने आत्महत्या केली. भावाला आपण वेळेवर मदत करू शकलो नाही, हे त्यांना स्वतःला माफ करता येईना. आईच्या मारेकऱ्याला क्षमा करण्यापेक्षा हे काम त्यांना अधिक कठीण गेले आणि त्याला कितीतरी अधिक काळ लागला. त्यानंतरच ते स्वतःला क्षमा करण्याच्या विषयाकडे वळले. ताई, त्या दिवशी आपण कागद वाचला नाही, कारण समोर आपला दादा होता. परक्या माणसाने दिलेला कागद आपण नक्की वाचला असता.

माहेरवाशीण

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

वकीलसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, नाही, मूळ दस्त मी आजही वाचलेला नाही. आठ वर्षांत तो मागवण्याचे माझे धाडस झाले नाही. आज नकलेसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. साखरपुडा येत्या रविवारी आहे आणि मी जाणार आहे, भाचीसाठी. तिने काहीच केलेले नाही आणि लहानपणी ती माझ्याच मांडीवर अक्षरे गिरवायला शिकली. दादाला ओवाळणे मला या वेळी जमणार नाही, ते मी वहिनीला फोन करून आधीच सांगितले. सडेतोड यांना ही तडजोड वाटेल, त्याला माझा इलाज नाही. सोमवारी परत येताना तालुक्याला उतरून अर्ज देईन. नक्कल हातात आली की तिथल्याच बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचणार आहे. यजमान सोबत येत आहेत. कागद मराठीत होता, हे मी त्यांना काल रात्री सांगितले.